माहितीचा पुरावा आणि डोंगराची साक्ष : सूरजागडच्या संदर्भात माहिती-नीतिविषयक संशोधनाची चिकित्सा

सारांश

संगणकशास्त्र, अभियांत्रिकी, नैतिक तत्त्वज्ञान आणि माहितीशास्त्र या चार विद्याशाखांच्या संयोगातून गेल्या चार दशकांत माहिती-नीतिविषयक संशोधनाचे एक स्वतंत्र क्षेत्र आकारास आले आहे. या क्षेत्रातील काही मूलभूत संकल्पना गडचिरोली जिल्ह्यातील सूरजागडच्या लोहखनिज प्रकरणास लावून पाहिल्यास त्या कोठे उपयोगी ठरतात व कोठे अपुऱ्या पडतात, याची चिकित्सा प्रस्तुत निबंधात केली आहे. 'पुरावा' कशास म्हणावे हा प्रश्न चारही विद्याशाखा गृहीत धरून पुढे जातात. सूरजागडमध्ये वादाचे मूळ नेमके याच प्रश्नात आहे, असे येथे प्रतिपादन केले आहे.

बीजसंज्ञा : माहिती-नीतिशास्त्र, दस्तऐवज, वर्गीकरण, संमती, ग्रामसभा, माडिया, सूरजागड.

१. प्रस्तावना

संगणकाच्या वापरातून निर्माण होणाऱ्या नैतिक प्रश्नांचा विचार नॉर्बर्ट वीनर यांनी १९५० मध्येच आरंभिला होता. त्याला विद्याशाखेचे रूप मात्र जेम्स मूर यांच्या १९८५ मधील निबंधानंतर आले. संगणकामुळे मनुष्यास नव्या कृती शक्य होतात, पण त्या कृतींबाबत धोरण वा नियम अस्तित्वात नसतात. ही 'धोरणात्मक पोकळी' भरून काढणे हे संगणक-नीतिशास्त्राचे कार्य होय, अशी मूर यांची मांडणी होती. पुढे लुचानो फ्लोरिडी यांनी या विचारास तत्त्वज्ञानाची व्यापक बैठक दिली, तर माहितीशास्त्राने दस्तऐवज, वर्गीकरण व प्राप्यता या अंगांनी त्यात भर घातली.

आपल्याकडील महाविद्यालयीन संशोधनातही 'बहुविद्याशाखीय' हा शब्द आता रूढ झाला आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१० च्या विनियमांद्वारे शैक्षणिक कामगिरीचे गुणांकन लागू केल्यानंतर या नावाच्या नियतकालिकांची संख्या झपाट्याने वाढली. तथापि अनेक अंकांत विद्याशाखा केवळ एका बांधणीत शेजारी बसलेल्या दिसतात. त्यांच्यात संवाद घडतोच असे नाही. संगणकाचा अभ्यासक नकाशा काढतो, अभियंता खनिजाची प्रत मोजतो, तत्त्वज्ञानाचा अध्यापक संमतीची व्याख्या करतो आणि ग्रंथपाल दस्तऐवजांची सूची करतो. हे चौघे एकाच डोंगराविषयी बोलत असतील तर काय होईल, ही कसोटी क्वचितच लावली जाते. सूरजागड ही तशी कसोटी आहे.

२. प्रकरणाची रूपरेषा

२६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूर जिल्ह्याचे विभाजन होऊन गडचिरोली जिल्हा अस्तित्वात आला. त्यातील एटापल्ली तालुक्यात सूरजागडची डोंगररांग आहे. येथील खडकात उत्तम प्रतीचे हेमॅटाइट लोहखनिज आहे. त्याच डोंगरावर माडिया समाजाचे श्रद्धास्थान असलेल्या ठाकूरदेवाचे ठाणे आहे आणि दरवर्षी जानेवारीच्या आरंभी तेथे परिसरातील गावांची यात्रा भरते. १८५८ मध्ये चांदा येथे फाशी दिले गेलेले वीर बाबुराव शेडमाके यांची स्मृतीही या डोंगराशी जोडलेली आहे. माडिया गोंड हा महाराष्ट्रातील विशेषतः असुरक्षित मानल्या गेलेल्या तीन आदिम जमातींपैकी एक होय.

या डोंगरावरील ३४८.०९ हेक्टर क्षेत्राचा खाणपट्टा २००७ मध्ये लॉइड्स मेटल्स या कंपनीस मिळाला. प्रत्यक्ष उत्खनन २०१६ मध्ये सुरू झाले. त्याच वर्षीच्या डिसेंबरमध्ये माओवाद्यांनी खाणीवरील पाऊणशेच्या आसपास वाहने जाळली. काही खंडानंतर २०२१ पासून उत्खननाने वेग घेतला आणि २०२३ मध्ये वार्षिक उत्पादनाची मर्यादा ३० लाख टनांवरून १ कोटी टनांवर नेण्यास पर्यावरणीय मंजुरी मिळाली. या विस्तारासाठीची जनसुनावणी २७ ऑक्टोबर २०२२ रोजी गडचिरोली येथे, म्हणजे खाणीपासून सुमारे दीडशे किलोमीटर अंतरावर, झाली.

या प्रकरणाला दोन बाजू आहेत हे आरंभीच नमूद करणे आवश्यक आहे. उद्योगविरहित जिल्ह्यात खाणीमुळे रोजगार निर्माण झाला, हे नाकारता येत नाही. पोलादावाचून आधुनिक जीवन चालत नाही, हेही तितकेच खरे. दुसरीकडे इलाक्यातील पारंपरिक ग्रामसभांनी खाणीस सातत्याने विरोध नोंदवला आहे. खाण असावी की नसावी, हा निर्णय देणे प्रस्तुत निबंधाचे प्रयोजन नाही. त्या निर्णयापर्यंत पोहोचताना कोणाचे बोलणे 'माहिती' म्हणून धरले गेले आणि कोणाचे 'भावना' म्हणून बाजूस पडले, याचा विचार येथे करावयाचा आहे.

३. माहितीशास्त्र : दस्तऐवज कशास म्हणावे?

माहितीशास्त्रातील एका जुन्या वादाचा येथे उपयोग होतो. फ्रेंच ग्रंथपाल सुझान ब्रिए यांनी १९५१ मध्ये दस्तऐवजाची व्याख्या विस्तृत केली. त्यांनी दिलेले उदाहरण प्रसिद्ध आहे. रानात मोकळे फिरणारे हरीण हा दस्तऐवज नव्हे. तेच हरीण पकडून प्राणिसंग्रहालयात ठेवले, त्याची नोंद केली, त्याच्यावर लेख लिहिले, की ते दस्तऐवज होते. पुढे मायकेल बकलंड यांनी १९९० च्या दशकात हा विचार पुन्हा चर्चेत आणला. कोणतीही वस्तू पुरावा म्हणून एखाद्या व्यवस्थेत मांडली गेली की ती दस्तऐवज ठरते, असे त्याचे तात्पर्य काढता येते.

ही व्याख्या सूरजागडला लावली तर काय दिसते? डोंगराच्या पोटातून छिद्रण करून काढलेला खडकाचा दांडा पेटीत ठेवला जातो, त्यावर क्रमांक पडतो, त्यातील लोहाचे प्रमाण प्रयोगशाळेत मोजले जाते आणि तो आकडा खाण आराखड्यात जातो. म्हणजे हा दांडा ब्रिए यांच्या अर्थाने निःसंशय दस्तऐवज आहे. डोंगर मात्र रानातल्या हरणासारखा व्यवस्थेबाहेरच राहतो.

परंतु ही मांडणी एक गोष्ट गृहीत धरते. रानातले हरीण दस्तऐवज नाही, हे कोणाच्या दृष्टीने? नोंद करणारी संस्था म्हणजे ग्रंथालय, संग्रहालय किंवा शासकीय कार्यालय, असे ब्रिए यांच्या उदाहरणात अध्याहृत आहे. यात्रेला येणाऱ्या गावांसाठी डोंगर स्वतःच एका व्यवस्थेत मांडलेला आहे. कोणत्या गावाचा देव कोणता, कोणाची वाट कोठून जाते, कोणत्या कुळाने कोणता विधी करावयाचा, हे सारे त्या डोंगराच्या आधाराने स्मरणात ठेवले जाते आणि दरवर्षी पडताळले जाते. नोंद, क्रम, पडताळणी व पुनर्वापर ही दस्तऐवजाची सर्व लक्षणे येथे आहेत. नाही तो फक्त कागद. ब्रिए यांची व्याख्या आणखी एक पाऊल पुढे नेली असती तर डोंगरापाशी पोहोचली असती. ते पाऊल माहितीशास्त्राने घेतले नाही, ही त्याची मर्यादा होय.

आश्चर्य असे की, हे पाऊल भारतीय कायद्याने घेतलेले आहे. वनहक्क कायदा, २००६ खालील नियमांतील तेराव्या नियमात पुराव्यांची जी यादी दिली आहे तीत विहिरी, दफनभूमी आणि पवित्र स्थाने यांचा समावेश आहे. दावेदाराव्यतिरिक्त अन्य वडीलधाऱ्यांचे लेखी उतरवून घेतलेले कथनही पुरावा मानले आहे. कंदमुळे व वनोपज गोळा करण्याच्या जागाही सामूहिक हक्काच्या दाव्यात पुरावा ठरतात. म्हणजे पुराव्याच्या संकल्पनेबाबत हा नियम प्रचलित माहितीशास्त्राच्या पुढे गेलेला आहे. मराठीतील ग्रंथालय व माहितीशास्त्राच्या अभ्यासक्रमांत रंगनाथन यांचे १९३१ चे पाच सिद्धांत शिकवले जातात आणि ते योग्यच आहे. त्यांच्या शेजारी हा तेरावा नियमही शिकवला जावा, अशी त्याची योग्यता आहे.

४. अभियांत्रिकी : वर्गीकरणातील नीती

अभियांत्रिकीचे निकष वस्तुनिष्ठ असतात, असा सर्वसाधारण समज आहे. लोहाचे प्रमाण मोजण्यापुरता तो बरोबरही आहे. परंतु अमुक प्रमाणाच्या वरचा दगड 'खनिज' आणि खालचा 'टाकाऊ' ही रेषा निसर्गाने आखलेली नाही. ती तंत्रज्ञान, बाजारभाव आणि शासकीय उंबरठा मूल्य यांवर ठरते. शुद्धीकरणाचे तंत्र सुधारले की कालचा टाकाऊ पट्टेदार खडक आजचे खनिज होतो आणि उत्खननाची व्याप्तीही बदलते. जेफ्री बोकर व सुझन ली स्टार यांनी १९९९ मधील आपल्या ग्रंथात दाखवून दिल्याप्रमाणे प्रत्येक वर्गीकरण काही गोष्टी दृश्य करते व काही अदृश्य करते. डोंगर मोजताना 'खनिज', 'अधिभार' व 'टाकाऊ' असे तीन रकाने असतात. 'ठाणे' असा रकाना नसतो.

वर्गीकरण हा केवळ शास्त्रीय विषय नाही, हे याच जिल्ह्यातील दुसऱ्या उदाहरणावरून अधिक स्पष्ट होते. धानोरा तालुक्यातील मेंढा-लेखा या गावास २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला. क्षेत्र सुमारे १,८०० हेक्टर. हक्क मिळाला तरी बांबू विकता येईना, कारण १९२७ च्या भारतीय वन अधिनियमातील 'वृक्ष' या संज्ञेत बांबूचा अंतर्भाव होता, तर २००६ च्या कायद्याने त्यास गौण वनोपज ठरवले होते. वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने बांबू हे गवत. अखेर एप्रिल २०११ मध्ये तत्कालीन केंद्रीय पर्यावरणमंत्री जयराम रमेश यांच्या उपस्थितीत ग्रामसभेकडे वाहतूक परवान्यांचे पुस्तक सुपूर्द झाले. बांबूला कोणत्या रकान्यात घालावयाचे, या एका प्रश्नावर एका गावाचे उत्पन्न अवलंबून होते. वर्गीकरणाचे नीतिशास्त्र शिकवण्यास याहून नेमके उदाहरण परदेशी पाठ्यपुस्तकांत शोधण्याचे कारण नाही.

५. संगणकशास्त्र : प्रतिमा, भाषा आणि आवाज

संगणकीय तंत्राच्या दोन उपयोगांचा येथे विचार करावयास हवा. पहिला उपग्रह प्रतिमांचा. वनहक्काचे दावे तपासताना जुन्या प्रतिमेत शेत दिसत नाही म्हणून दावा अमान्य, अशी पद्धत देशाच्या अनेक भागांत वापरली गेली. झाडांच्या छत्राखालची लहान शेती किंवा काही काळ पडीक ठेवलेली जमीन अशा प्रतिमेत ओळखू येत नाही. २०१२ च्या दुरुस्तीने या बाबतीत स्पष्ट भूमिका घेतली. उपग्रह प्रतिमा व अन्य तंत्रज्ञान हे इतर पुराव्यांस पूरक असेल, त्यांची जागा घेणार नाही, असे नियम १२-अ मध्ये नमूद झाले. तंत्रज्ञानाचा हा निषेध नव्हे. सामूहिक वनहक्काच्या सीमा आखताना गडचिरोलीतील अनेक ग्रामसभांनी स्थाननिश्चिती उपकरणांचा स्वतः उपयोग केला आहे. सीमा कोणती हे गाव ठरवते व उपकरण ती नोंदवते, हा क्रम राहिला तर तंत्र उपकारक ठरते. क्रम उलटला की तेच तंत्र साक्षीदाराऐवजी न्यायाधीश होऊन बसते.

दुसरा उपयोग भाषेचा. माडिया ही द्राविडी कुळातील, गोंडीशी निकटची बोली. २००६ च्या पर्यावरणीय प्रभाव मूल्यांकन अधिसूचनेनुसार अहवालाचा सारांश इंग्रजीत व स्थानिक भाषेत देणे बंधनकारक आहे. महाराष्ट्रात 'स्थानिक भाषा' याचा अर्थ व्यवहारतः मराठी असा होतो. ज्या वृद्धांना डोंगराची सर्वांत अधिक माहिती आहे, त्यांच्यापर्यंत तो सारांश पोहोचत नाही. ही उणीव मराठी भाषकांना सहज जाणवत नाही, कारण इंग्रजीच्या तुलनेत मराठी ही दुर्बळांची भाषा मानण्याची आपल्याला सवय आहे. एटापल्लीत मात्र मराठी ही कार्यालयाची भाषा आहे.

या संदर्भात संगणकशास्त्रात झालेले कार्य उल्लेखनीय आहे. मसराम गोंडी लिपीचा २०१७ मध्ये व गुंजाळा गोंडी लिपीचा २०१८ मध्ये युनिकोडमध्ये समावेश झाला. २०१० मध्ये छत्तीसगडमध्ये सुरू झालेल्या 'सीजीनेट स्वर' या उपक्रमात साध्या दूरध्वनीवरून आपल्या बोलीत निवेदन नोंदवण्याची सोय झाली. २०२५ मध्ये केंद्रीय जनजाती कार्य मंत्रालयाने 'आदि वाणी' हे भाषांतर साधन प्रायोगिक स्वरूपात आणले. त्यात आरंभी संताली, भिली, मुंडारी व गोंडी या चार भाषा घेतल्या.

या तिन्ही प्रयत्नांचे मूल्य सारखे नाही. लिपीचा संकेत निश्चित होणे ही पायाभूत गोष्ट आहे, पण लिपीत न लिहिणाऱ्यास तिचा तत्काळ लाभ नाही. भाषांतर यंत्रातील गोंडी छत्तीसगडमधील नमुन्यांवर आधारित आहे. बोलीबोलींत मोठा भेद असलेल्या या भाषेत तीच यंत्रणा एटापल्लीच्या माडियास कितपत पुरेल, हा प्रश्न उरतो. आवाजावर आधारलेला उपक्रम मौखिक समाजाच्या प्रकृतीस सर्वांत जवळचा, कारण त्याने बोलणाऱ्यास आधी वाचायला शिकण्याची अट घातली नाही. शेजारच्या भामरागड तालुक्यात १९७३ मध्ये लोक बिरादरी प्रकल्प सुरू झाला, तेव्हा डॉ. प्रकाश व डॉ. मंदाकिनी आमटे यांनी माडिया आत्मसात केली, मगच उपचार सुकर झाले. यंत्रास जे आज साधावयाचे आहे ते माणसांनी तेथे पूर्वीच केले होते. दोहोंतील अंतर असे की, बोली शिकणारा मनुष्य ऐकणाऱ्याच्या शंकेस उत्तर देण्यास बांधील होतो. यंत्राने सारांशाचे भाषांतर केले म्हणजे गावाने तो समजून घेतला, असे मानण्याचा धोका येथेच आहे.

६. नैतिक तत्त्वज्ञान : फ्लोरिडी, फ्रिकर आणि संमती

फ्लोरिडी यांच्या माहिती-नीतिशास्त्रात प्रत्येक अस्तित्व हे माहितीरूप असून त्यास किमान नैतिक मूल्य आहे, असे मानले जाते. केवळ सजीवच नव्हे तर निर्जीव वस्तूही या विचारात नैतिक विचारास पात्र ठरतात. प्रथमदर्शनी हा सिद्धांत डोंगरास देव मानणाऱ्या समाजाच्या अगदी निकटचा वाटतो, आणि काही अभ्यासकांस तसा मोह होणे स्वाभाविक आहे. पण हे साम्य वरवरचे आहे. फ्लोरिडी यांच्या मांडणीत डोंगर, आज्ञावली आणि आकड्यांचा संच हे सारे अमूर्ततेच्या एका पातळीवर समान होतात. माडिया समाजाच्या दृष्टीने डोंगर अद्वितीय आहे. त्याची माहिती काढून अन्यत्र जतन केली तरी डोंगराचे रक्षण झाले, असे होत नाही. डॉ. राणी बंग यांच्या 'गोईण' या पुस्तकात गडचिरोलीतील स्त्रियांचे झाडांशी असलेले नाते नोंदले आहे. गोईण म्हणजे मैत्रीण. मैत्रिणीविषयी माहिती असते, पण मैत्रीण म्हणजे माहिती नव्हे. हा भेद फ्लोरिडी यांच्या व्यवस्थेत मावत नाही.

मिरांडा फ्रिकर यांनी २००७ मध्ये मांडलेली ज्ञानविषयक अन्यायाची संकल्पना येथे अधिक उपयोगी पडते. बोलणाऱ्याच्या सामाजिक स्थानामुळे त्याच्या साक्षीस कमी विश्वास दिला जाणे हा एक प्रकार. आपला अनुभव मांडण्यासाठी समाजमान्य संकल्पनाच उपलब्ध नसणे हा दुसरा. जनसुनावणीत 'डोंगर आमचा देव आहे' असे विधान झाले तर इतिवृत्तात ते 'धार्मिक भावना' या सदरात जाण्याचा संभव असतो. ते भूमीच्या धारणेविषयीचे विधान असू शकते, जलस्रोतांविषयीचे असू शकते, हक्काविषयीचे तर असतेच. परंतु फ्रिकर यांचा रोख मुख्यतः ऐकणाऱ्या व्यक्तीवर आहे. ऐकणाऱ्याने आपले पूर्वग्रह ओळखून विवेकशील व्हावे, हा त्यांचा प्रमुख उपाय. सूरजागडसारख्या प्रकरणी ऐकणारी व्यक्ती नसून प्रपत्र असते. २०१८ पासून वन व पर्यावरण मंजुरीचे अर्ज 'परिवेश' या संकेतस्थळावरून हाताळले जातात. त्यात वनहक्कविषयक पूर्तता हे जिल्हाधिकाऱ्यांच्या प्रमाणपत्राचे जोडपत्र असते. प्रपत्रास विवेक शिकवता येत नाही. त्याची रचनाच बदलावी लागते. म्हणून फ्रिकर यांच्या विचारास येथे माहितीशास्त्र व संगणकशास्त्र यांची जोड देणे अपरिहार्य आहे, आणि बहुविद्याशाखीय संशोधनाची खरी गरज या ठिकाणी उत्पन्न होते.

असा बदल शक्य आहे, हे नियमगिरीच्या निकालाने दाखवले. १८ एप्रिल २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ओडिशातील बॉक्साइट खाणीबाबत डोंगरिया कोंध समाजाच्या धार्मिक व सांस्कृतिक हक्कांचा निर्णय ग्रामसभांकडे सोपवला. न्यायिक अधिकाऱ्याच्या उपस्थितीत झालेल्या बाराही ग्रामसभांनी खाण नाकारली. सभा गावातच झाल्या व तोंडी कथनास निर्णायक वजन मिळाले. अर्थात डोंगरावर शंभराहून अधिक वस्त्या असताना बाराच का निवडल्या, हा वाद तेव्हाही झाला. कोणाकडून माहिती घ्यावयाची हे ठरवणे हाही एक निर्णय असतो, हे त्यावरून ध्यानात येते.

७. पर्यायी पद्धती आणि तिच्या मर्यादा

मेंढा-लेखा येथे देवाजी तोफा व मोहन हिराबाई हिरालाल यांच्या सहभागातून विकसित झालेली 'अभ्यासगट' ही पद्धती संशोधकांनी गांभीर्याने अभ्यासावी अशी आहे. अभ्यासगटात विषय समजून घेतला जातो, बाहेरचे जाणकार बोलावले जातात, पण निर्णय घेतला जात नाही. निर्णय ग्रामसभेत सर्वसहमतीने होतो. माहिती मिळवणे आणि संमती देणे या दोन क्रिया येथे जाणीवपूर्वक वेगळ्या ठेवल्या आहेत. अनेक जनसुनावण्यांत त्या एकाच दिवशी एकाच मंडपात उरकल्या जातात. माहितीपूर्ण संमतीची जी व्याख्या नीतिशास्त्राच्या ग्रंथांत आढळते तिचे हे कार्यरूप होय.

तथापि या पद्धतीचे आदर्शीकरणही टाळले पाहिजे. मेंढा हे एक लहान, एकजिनसी गाव आहे. सूरजागड इलाक्यात सत्तरच्या आसपास गावे येतात व खाणीचे लाभ आणि हानी त्यांना सारख्या प्रमाणात पोहोचत नाहीत. खाणीत काम मिळालेला तरुण आणि यात्रेचा विधी सांभाळणारा वृद्ध एकाच घरात असू शकतात. सर्वसहमतीच्या आग्रहात असा अंतर्गत मतभेद दबला जाण्याची शक्यता असते. शिवाय एकीकडे बंदुकीचे व दुसरीकडे बंदोबस्ताचे सावट असताना दिलेल्या होकारास वा नकारास स्वतंत्र म्हणता येईल का, हा प्रश्न केवळ पद्धती सुधारून सुटणारा नाही.

८. निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात.

१) माहितीशास्त्रातील दस्तऐवजाची संकल्पना मौखिक व स्थानाधिष्ठित स्मरणव्यवस्थांपर्यंत विस्तारणे आवश्यक आहे. वनहक्क नियमांतील पुराव्यांची यादी त्यासाठी आधारभूत ठरू शकते.

२) अभियांत्रिकीतील वर्गीकरणे मूल्यनिरपेक्ष नसतात. बांबू व लोहखनिज ही त्याची याच भूभागातील उदाहरणे आहेत.

३) संगणकीय साधने साक्षीस पूरक असावीत, तिची जागा घेणारी नसावीत. भाषांतराची उपलब्धता म्हणजे आकलन नव्हे व आकलन म्हणजे संमती नव्हे.

४) फ्लोरिडी यांचा सिद्धांत डोंगरास मूल्य देतो पण त्याचे वेगळेपण पुसतो. फ्रिकर यांचा सिद्धांत अन्याय ओळखतो पण प्रपत्रांच्या रचनेपर्यंत जात नाही.

चंद्रपूर व गडचिरोली या दोन जिल्ह्यांसाठी २०११ मध्ये गोंडवाना विद्यापीठाची स्थापना झाली. तेथील व अन्यत्रच्या महाविद्यालयांना या विषयासाठी दूरच्या ग्रंथालयांकडे पाहत बसण्याची आवश्यकता नाही. वर्गात समोर बसलेल्या विद्यार्थ्यांपैकी काहींच्या घरी माडिया बोलली जाते. त्यांच्या आजी-आजोबांचे कथन लेखी उतरवून घेणे हे कायद्याने पुरावा मानलेले कार्य आहे. ते कोणत्या विद्याशाखेत मोडते, हा प्रश्न मात्र आपल्या प्रपत्रांनी अजून सोडवलेला नाही.